लेण्यांचे छायाचित्रण : पोत आणि रिक्त अवकाश

पश्चिम भारतातील ब्राह्मी शिलालेखांत डोंगर कोरून सिद्ध केलेल्या निवासासाठी ‘लेण’ हा शब्द वारंवार येतो. आज आपण मराठीत ‘लेणे’ म्हणतो, तो हाच शब्द होय. इतर वास्तू दगडावर दगड रचून उभ्या राहतात. लेणे मात्र दगड काढून टाकून तयार होते. भाजे येथील चैत्यगृहात उभे राहिले असता आपल्याभोवती जी पोकळी जाणवते, ती पोकळी हीच कारागिरांनी घडविलेली वस्तू आहे. भिंती, स्तंभ आणि छत म्हणजे न काढता राखून ठेवलेला खडक. तेव्हा लेण्याचे छायाचित्र घेणाऱ्याला दोन गोष्टींचा विचार करावाच लागतो. एक म्हणजे राखलेल्या खडकाचा पृष्ठभाग आणि दुसरी म्हणजे काढून टाकलेल्या खडकाची जागा. छायाचित्रणाच्या परिभाषेत पहिल्या गोष्टीला पोत म्हणतात. दुसरीला छायाचित्रकार ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणतात. तिला आम्ही येथे ‘रिक्त अवकाश’ असे म्हणू.

वर्षावासात आणि धम्मसहलींच्या निमित्ताने आपले उपासक-उपासिका आज मोठ्या संख्येने लेण्यांना भेट देतात. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात छायाचित्र घेणारा मोबाइल फोन असतो. एका दिवसात एका लेण्याची जितकी छायाचित्रे घेतली जातात, तितकी पूर्वी अनेक वर्षांत मिळून होत नसत. तथापि, त्यांतील बहुसंख्य छायाचित्रांत माणसांचे चेहरे समोर असतात आणि लेणे मागे अस्पष्ट उरते. अशी छायाचित्रे कुटुंबाला प्रिय असतात व असावीत. परंतु पुढील पिढीतील एखाद्या अभ्यासकाला त्यांतून फारसे काही वाचता येणार नाही. पोत आणि रिक्त अवकाश यांचा थोडा सराव केला तर त्याच फोनने घेतलेले छायाचित्र लेण्याविषयीचा पुरावा ठरू शकते. हा सराव कसा करावा, त्यामागील तत्त्व काय आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पोत : डोळ्यांना दिसणारा स्पर्श

पोत हा मूळचा स्पर्शाचा विषय आहे. अभिधम्मात डोळ्यांचा विषय ‘रूप’ आणि कायेचा विषय ‘फोट्ठब्ब’ असे स्पष्ट विभाजन केलेले आहे. धम्मसङ्गणीत फोट्ठब्बाचे वर्णन करताना कक्खळ म्हणजे कठीण, मुदुक म्हणजे मऊ, सण्ह म्हणजे गुळगुळीत, फरुस म्हणजे खरखरीत, त्याचप्रमाणे जड आणि हलके असे प्रकार सांगितले आहेत. यांपैकी एकही गुण केवळ चक्षूला गोचर होत नाही. छायाचित्र मात्र चक्षूलाच अर्पण केलेली वस्तू आहे. कागद गुळगुळीत असतो, फोनची काच त्याहून गुळगुळीत असते, आणि तरीही ‘हा दगड खरखरीत आहे’ असे पाहणाऱ्याला वाटते. हे कसे घडते?

हे घडते ते सावलीमुळे. खडबडीत पृष्ठभागावर प्रत्येक उंचवट्याला एक उजेडाची बाजू असते आणि एक सावलीची. डोळ्यांना या दोहोंची आलटून-पालटून येणारी नक्षी दिसते. पूर्वी हाताने घेतलेल्या स्पर्शाच्या स्मृतीवरून मन त्या नक्षीला ‘फरुस’ असे नाव देते. म्हणजेच छायाचित्रातील पोत हे मनाने केलेले अनुमान आहे. छायाचित्रकाराचे काम इतकेच की, त्या अनुमानाला आधार देणाऱ्या सावल्या त्याने जपाव्यात. फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याच्या दिशेनेच समोरून पडतो, त्यामुळे सावल्या उंचवट्यांच्या मागे दडतात आणि भिंत सपाट दिसते. लेण्यांच्या बहुतेक फसलेल्या छायाचित्रांचे कारण हेच असते.

लेण्यातील तीन पोत

सराव आरंभ करण्यापूर्वी एकाच भिंतीवर तीन निरनिराळे पोत असतात, हे ओळखावयास शिकले पाहिजे.

पहिला पोत खडकाचा स्वतःचा. महाराष्ट्रातील बहुसंख्य लेणी दख्खनच्या ज्वालामुखी खडकात कोरलेली आहेत. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंची लहान-लहान छिद्रे, ती भरून आलेली पांढरी खनिजे आणि थरांच्या आडव्या रेषा ही त्याची लक्षणे होत.

दुसरा पोत मानवी हाताचा. छिन्नीच्या घावांच्या समांतर रेषा, कोपऱ्यात बदललेली त्यांची दिशा, आणि जेथे शेवटचा हात फिरला तेथील घासलेला भाग हे सारे यात येते. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपूर्ण राहिले, म्हणूनच खडक टप्प्याटप्प्याने कसा काढला जाई हे तेथे आजही पाहावयास मिळते. या कामामागे माणसे होती आणि त्यांची नोंदही शिलालेखांतून उरली आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील लेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या वढकीचा, म्हणजे सुताराचा, उल्लेख आहे. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात सेलवढकी म्हणजे पाथरवट, आणि मिठिक म्हणजे अभ्यासकांच्या मते घासून गुळगुळीत करणारा कारागीर, असे वेगवेगळे श्रमिक नमूद आहेत. फरुस आणि सण्ह हे दोन पोत वेगवेगळ्या हातांनी निर्माण केले, हे यावरून ध्यानात येते. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ज्यांची नावे कोरली गेली नाहीत, त्या असंख्य पाथरवटांची एकमेव स्वाक्षरी म्हणजे भिंतीवरचा छिन्नीचा घाव. तो छायाचित्रात उतरला नाही तर त्या माणसांचा शेवटचा मागही आपल्या नोंदीतून निसटतो.

तिसरा पोत काळाचा. पाझरणाऱ्या पाण्याचे ओघळ, क्षारांचा पांढरा थर, शेवाळ, शेकडो वर्षे पावले पडून झिजलेला उंबरठा, आणि गळून गेलेला गिलावा. अजिंठ्याच्या चित्रांखालील गिलाव्यात मातीबरोबर भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. चित्र जेथे उडाले आहे तेथे हा थर उघडा पडलेला दिसतो.

पहिला सराव असा करावा : एका भिंतीचा हातभर लांब-रुंद तुकडा निवडावा, आणि त्याची अशी तीन छायाचित्रे घ्यावीत की एकात खडक, दुसऱ्यात हात आणि तिसऱ्यात काळ प्रामुख्याने दिसेल. छायाचित्र घेण्यापूर्वी कोणता पोत आपण शोधीत आहोत, हे वहीत लिहावे. एका छायाचित्रात तिन्ही दाखविण्याचा मोह सुरुवातीला टाळावा.

तिरप्या उजेडाचा अभ्यास

पोत दाखविणारा उजेड भिंतीला घासून जाणारा असावा लागतो. भिंत आणि उजेडाचा किरण यांच्यातील कोन जितका लहान, तितक्या सावल्या लांब. म्हणून लेण्याला केव्हा जावे, हे लेण्याचे मुख कोणत्या दिशेला आहे यावरून ठरवावे लागते.

जुन्नरजवळील लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. दर्शनी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो असता आपल्या उजव्या हाताला पूर्व आणि डाव्या हाताला पश्चिम येते. हिवाळ्यात सकाळचे ऊन उजवीकडून आणि सायंकाळचे ऊन डावीकडून भिंतीला घासून जाते. दोन्ही वेळी पोत स्पष्ट दिसतो. मात्र सावल्यांची दिशा उलट असते, त्यामुळे सकाळी दडलेले काही बारकावे सायंकाळी प्रकट होतात. भाजे येथील लेणी पश्चिमाभिमुख आहेत. तेथे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. दुपार कलू लागताच ऊन वरून खाली भिंतीला घासत उतरते. वरचा खडक पुढे आलेला नसेल तेथे पोताचा हा उत्तम समय. सायंकाळचे ऊन समोरून येते, ते भिंतीचा पोत पुसून टाकते. परंतु चैत्यगृहाची लाकडी दर्शनी बाजू काळाच्या ओघात नष्ट झाल्यामुळे तेच ऊन आत खोलवर शिरते आणि आतील स्तूप व आतल्या बाजूस कललेले अष्टकोनी स्तंभ उजळतात. म्हणजे एकाच लेण्यात बाहेरच्या भिंतीसाठी एक वेळ आणि आतील अवकाशासाठी दुसरी वेळ, असे नियोजन करावे लागते.

दुसरा सराव : एक भिंत, एक जागा, तीन वेळा. कॅमेरा जेथे ठेवला तेथे खडूची खूण करू नये. पायांखालील एखादा नैसर्गिक खडक लक्षात ठेवावा. सकाळी, मध्यान्ही आणि सायंकाळी तेथूनच, तेवढ्याच उंचीवरून छायाचित्र घ्यावे. घरी आल्यावर तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत. रंग काढून ती कृष्णधवल केल्यास सावल्यांचा फरक अधिक ठळक होतो.

आतील अंधाऱ्या विहारांत ऊन पोहोचत नाही. तेथे बाहेरचे ऊन पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेऊन आत परतवावे, अथवा साधी विजेरी भिंतीच्या कडेने धरावी. फोन अंधारात छायाचित्र घेताना प्रतिमेतील दाणा कमी करण्यासाठी पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत करतो. त्यामुळे खरा फरुस पोत खोटा सण्ह होऊन जातो. हे टाळण्यासाठी फोन पिशवीवर किंवा जमिनीवर स्थिर ठेवून, पुरेसा उजेड देऊनच छायाचित्र घ्यावे. जेथे चित्रे आहेत तेथे मात्र विजेरी, फ्लॅश आणि पुठ्ठा यांपैकी काहीही वापरू नये. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, ती रंगांच्या रक्षणासाठीच. तिपाई न्यावयाची असल्यास पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारणा करावी.

शिलालेख : एका टिंबाचे महत्त्व

पोताचे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडते ते शिलालेखांच्या बाबतीत. ब्राह्मी लिपीत ‘ठ’ हे अक्षर म्हणजे एक वर्तुळ, आणि ‘थ’ म्हणजे त्याच वर्तुळाच्या मध्यभागी एक टिंब. ‘थेर’ आणि ‘थूप’ हे आपल्या दृष्टीने मोलाचे दोन्ही शब्द या अक्षराने सुरू होतात. भाजे येथील लहान स्तूपांच्या समूहात काही स्तूपांवर थेरांची नावे कोरलेली आहेत. तेथे ही अक्षरे भेटतात. समोरून उजेड पाडला तर झिजलेले टिंब नाहीसे होते. उलट, खडकातील वायूचे एखादे छिद्र टिंब म्हणून पुढे येऊ शकते, आणि अनुस्वार नसलेल्या जागी अनुस्वार वाचला जातो. ‘का’ आणि ‘क’ यांतील भेद तर एका आखूड आडव्या रेघेचा आहे. छिन्नीची रेघ कोणती आणि दगडाची भेग कोणती, हे ठरविण्यास सावलीखेरीज दुसरा साक्षीदार छायाचित्रात नसतो.

म्हणून शिलालेखाचे छायाचित्र घेताना पुढील क्रम पाळावा. कॅमेरा लेखाच्या बरोबर समोर, भिंतीला समांतर ठेवावा. तिरपा धरल्यास अक्षरांचे प्रमाण बिघडते. विजेरी एका सहकाऱ्याने भिंतीच्या अगदी जवळ, परंतु लेखापासून पुरेशा अंतरावर धरावी, म्हणजे एक टोक भगभगीत आणि दुसरे काळे असे होणार नाही. प्रथम उजेड वरच्या डाव्या बाजूने घ्यावा. आपले डोळे उजेड वरून येतो असे गृहीत धरून चालतात. उजेड खालून दिला तर कोरलेली अक्षरे उठावदार असल्याचा भास होतो. त्यानंतर वरून, उजवीकडून, डावीकडून, अशा किमान चार आणि शक्य तर आठ दिशांनी उजेड देत, कॅमेरा न हलवता छायाचित्रे घ्यावीत. एका दिशेने न दिसलेले टिंब दुसऱ्या दिशेने दिसते. शेजारी मोजपट्टी धरावी; ती भिंतीला चिकटवू नये.

याच तत्त्वावर आधारलेले संगणकीय तंत्र टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. त्यात स्थिर कॅमेरा आणि फिरता उजेड यांनी घेतलेली अनेक छायाचित्रे एकत्र करून, नंतर पडद्यावर हव्या त्या दिशेने उजेड फिरवून लेख वाचता येतो. आपल्याकडे ती साधने नसली तरी आठ दिशांची आठ छायाचित्रे जपून ठेवल्यास अभ्यासकाला मोठी मदत होते. ओल्या कागदाने आणि शाईने ठसा घेण्याची जुनी पद्धत मौल्यवान आहे, पण तो अधिकार पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांचा. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ, तेल किंवा रंग भरणे हा लेखाचा नाश होय. तिरपा उजेड अक्षरांना स्पर्शही न करता तेच काम करतो.

रिक्त अवकाश : जे नाही ते जाणणे

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. चौकटीत मुख्य विषयाभोवती जी मोकळी जागा राहते, ती नवशिक्याला वाया गेलेली वाटते, म्हणून तो ती भरू पाहतो. या संदर्भात अभिधम्मातील आकासधातूचा विचार उद्बोधक आहे. तेथे आकाशाला परिच्छेदरूप म्हटले आहे, म्हणजे रूपांना एकमेकांपासून वेगळे करणारी, त्यांची सीमा दाखविणारी गोष्ट. दोन स्तंभांमधील पोकळी नसेल तर ते दोन स्तंभ आहेत असे म्हणताच येणार नाही. छायाचित्रातील रिक्त अवकाशाचे कार्य नेमके हेच आहे. तो विषयाला सीमा देतो आणि सीमेमुळे आकार देतो.

मज्झिम निकायातील चूळसुञ्ञत सुत्त (क्रमांक १२१) याहून पुढे जाते. सावत्थीच्या पुब्बारामातील मिगारमातुपासादात भगवान बुद्ध आनंदाला हा उपदेश करतात. हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे, सोने-रुपे यांनी शून्य आहे. परंतु भिक्खुसंघाच्या अस्तित्वाने तो शून्य नाही, असा दृष्टांत ते आरंभी देतात. तेथे जे नाही ते ‘नाही’ म्हणून जाणावे आणि जे उरले आहे ते ‘आहे’ म्हणून जाणावे, असा त्याचा आशय आहे. सुञ्ञता म्हणजे काहीच नसणे, असा अर्थ यातून निघत नाही. ‘कशाने शून्य?’ हा प्रश्न येथे अटळ ठरतो. छायाचित्रण म्हणजे ध्यान, असा दावा आम्ही करीत नाही. सुत्ताचा विषय चित्ताची विशुद्धी आहे आणि तो तेथेच राहू द्यावा. परंतु चौकटीतील रिकामी जागा पाहताना ‘ही कशाने रिकामी आहे आणि येथे काय उरले आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय या सुत्तावरून लावून घेता येते. ज्या रिकाम्या जागेविषयी या प्रश्नाला उत्तर नाही, ती खरोखरच वाया गेलेली असते.

याचे सर्वांत प्रभावी शिल्पोदाहरण सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावर आहे. मधल्या तुळईवर महाभिनिक्खमनाचे दृश्य कोरले आहे. नगरातून घोडा निघतो, त्याच्यावर छत्र धरलेले आहे, परंतु पाठीवर कोणीही नाही. घोडा पुन्हापुन्हा दाखविला आहे, आणि प्रत्येक वेळी छत्राखालची जागा रिकामी आहे. अखेरीस छत्र पदचिन्हांवर येते आणि घोडा छत्रावाचून परततो. प्राचीन शिल्पांतील अशा रिकाम्या आसनांचा व पदचिन्हांचा अर्थ सरसकट बुद्धांचे प्रतीक असा लावावा काय, याविषयी सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये प्रश्न उपस्थित केला आणि विद्या दहेजिया यांनी १९९१ मध्ये त्याची वेगळी मांडणी केली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. या एका दृश्यात छत्र, घोडा व कथा यांच्यामुळे रिकाम्या जागेचा अर्थ निश्चित होतो. छत्र नसते तर घोडा केवळ मोकळा सुटलेला घोडा ठरला असता. रिक्त अवकाशाला अर्थ येतो तो त्याच्या कडेला ठेवलेल्या वस्तूमुळे, हा धडा त्या शिल्पकारांकडून घ्यावा.

रिक्त अवकाशाचा सराव

तिसरा सराव स्तूपाचा. चैत्यगृहातील एका स्तूपाची तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिल्यात स्तूपाने जवळजवळ सारी चौकट व्यापावी, दुसऱ्यात निम्मी आणि तिसऱ्यात पाचव्या हिश्श्याहून कमी. पहिल्यात दगड दिसेल, दुसऱ्यात स्तूप दिसेल आणि तिसऱ्यात चैत्यगृह दिसेल. कार्ले येथे हा फरक विशेष जाणवतो. तेथे दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा अलंकृत स्तंभ आहेत, तर स्तूपामागचे सात स्तंभ साधे, अष्टकोनी आणि शीर्षाविना आहेत. अलंकृत स्तंभ चौकटीबाहेर ठेवून केवळ त्या साध्या स्तंभांची आणि त्यांच्यामधल्या अंधाराची रचना करून पाहावी.

चौथा सराव भिक्खूंच्या खोलीचा. विहारातील लहान खोलीत अनेकदा दगडी ओट्याखेरीज काहीही नसते. दारातून ती खोली टिपताना ओटा चौकटीच्या तळाशी ठेवावा आणि वरचा अंधार तसाच राहू द्यावा. येथे यंत्राशी थोडा झगडा करावा लागतो. कॅमेरा अंधाराला मध्यम करडा करू पाहतो, आणि फोन तर अनेक प्रतिमा एकत्र करून सावल्या आपणहून उजळतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढावा, म्हणजे काळे काळेच राहील. ज्या खोलीत एका भिक्खूने तीन महिन्यांचा वर्षावास घालविला, तिचा अंधार हा तिच्या वर्णनाचाच भाग आहे.

पाचवा सराव सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण. सहलीतील सर्वांचे एकत्र छायाचित्र घेऊन झाल्यावर सर्वांना चौकटीबाहेर यावयास सांगावे आणि त्याच जागेवरून लेण्याचे एक छायाचित्र माणसांवाचून घ्यावे. नंतर प्रमाण कळावे म्हणून एकाच व्यक्तीला दूर, स्तंभाजवळ उभे करून आणखी एक घ्यावे.

वगळण्याची मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हांस आवश्यक वाटते. रिक्त अवकाश वगळण्यातून निर्माण होतो, आणि वगळणे जसे कलेचे साधन आहे तसेच ते असत्याचेही साधन होऊ शकते. कचरा, भिंतीवर कोरलेली प्रेमिकांची नावे, नव्याने लावलेला रंग, सिमेंटची भर हे सर्व चौकटीबाहेर ठेवून एखाद्या उपेक्षित लेण्याचे अत्यंत शांत, निर्मळ छायाचित्र घेता येते. ते सुंदर असेल. परंतु त्या लेण्याची आजची स्थिती त्यात नसेल. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जो मूळचा विहार आहे, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. ही वस्तुस्थिती चौकटीच्या कडेने कापून टाकल्याने बदलत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन प्रकारची छायाचित्रे घ्यावीत : एक रचनेसाठी, ज्यात आपण निवडतो; दुसरे नोंदीसाठी, ज्यात जे आहे ते सर्व येते. नोंदीच्या छायाचित्रात काहीही पुसू नये, रंग बदलू नयेत, आणि त्याची मूळ प्रत तशीच राखावी.

नोंदीचे मोल

रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या; त्यांतील बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यांनीच घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, ती मात्र उरली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. अशा वाचनांमुळेच लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ असलेली नाशिकची लेणी तिरण्हु पर्वतावरील भिक्खुसंघाची निवासस्थाने आहेत, हे निर्विवाद ठरले. नाव बदलले तरी अक्षरांनी साक्ष दिली. ती अक्षरे आज प्रत्येक पावसाळ्यात थोडी-थोडी झिजत आहेत.

१९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले असता, वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हात-पाय धुतले म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. लेण्यांकडे जाणारी ती वाट आज आपल्याला मोकळी आहे. त्या मोकळेपणाचा उपयोग आपण केवळ स्वतःची छबी टिपण्यासाठी करावा, की त्या भिंतींवरील हातांचे आणि अक्षरांचे माग जपण्यासाठीही, हे आपणच ठरवावयाचे आहे.

वाचकांना आमची विनंती इतकीच आहे. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे एक लेणे निवडावे, मग ते कितीही लहान आणि अप्रसिद्ध असो. वर सांगितलेल्या सरावांपैकी निदान तीन तेथे करावेत. प्रत्येक छायाचित्रासोबत लेण्याचे नाव व क्रमांक, दिनांक, वेळ, कॅमेऱ्याची दिशा आणि उजेडाची दिशा वहीत नोंदवावी. छायाचित्रे फोनमध्ये पडून राहिली तर फोनबरोबर जातात; म्हणून त्यांच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि निवडक छायाचित्रे कागदावर छापून विहाराच्या ग्रंथालयात द्यावीत. पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच खडकावर उभे राहून पुन्हा तीच छायाचित्रे घ्यावीत. दोन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर कोणते टिंब अजून शिल्लक आहे आणि कोणते गेले, हे कोणालाही दिसेल.